इंगळे सरांचा गप्प बसायचा तास

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला आमचे इंगळे सर पाण्याने भरलेला तांब्या घेऊन नववी 'ब'च्या वर्गात शिरायचे. मुलांच्या गोलात मांडी घालून बसायचे, एक घोट तोंडात घ्यायचे आणि गिळायचेच नाहीत. तास संपेपर्यंत गाल फुगलेले, डोळे मोठे झालेले. नवीन माणसाला वाटावं, यांची दाढ दुखतेय.

हे एखाद्या अबोल माणसाने केलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण इंगळे सर म्हणजे सबंध तेल्हारा गावातलं सगळ्यात अखंड चालणारं तोंड. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. त्यांना किती वाजले विचारलं की ते घड्याळातल्या सेलपासून सुरुवात करत. "मुद्दा असा हाये का" हे त्यांचं पालुपद. ते कानावर आलं की शहाण्या माणसाने बसायला जागा बघावी, कारण मुद्दा अजून बराच लांब असे. एकदा अकोल्याच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी सापडलो. विषय निघाला होता वीज कशी पडते याचा. स्टँड आल्यावर मी उतरलो, तर ते खिडकीतून वाक्य पुरं करत होते. आपल्यालाही इथेच उतरायचं होतं हे त्यांना बस डेपोत गेल्यावर आठवलं.

अशा माणसाला अमरावतीच्या प्रशिक्षणाला पाठवलं ते आम्हीच. स्टाफरूमला तीन दिवस शांतता मिळावी, एवढाच आमचा हेतू. प्रशिक्षण होतं किशोरवयीन मुलांच्या गटचर्चेचं. विषय मुलांनी निवडायचा, चर्चाही त्यांनीच चालवायची आणि शिक्षकाने नुसतं बसायचं. तिथल्या प्रशिक्षक ताईंनी सरांना तीन दिवसांत जे काही सांगितलं असेल ते असो, पण सर परत आले ते झपाटूनच. मुख्याध्यापक गावंडे सरांच्या मागे लागून त्यांनी शनिवारचा शेवटचा तास मिळवला. गावंडे सरांनी अट घातली, "दिवाळीपर्यंत देतो. गोंधळ दिसला की त्या तासाला गणिताचा जादा वर्ग."

पहिल्या शनिवारी इंगळे सर गोलात बसले आणि म्हणाले, "आजपासून मी बोलनार नाही, तुमी बोलाचं. आता मी काहून बोलनार नाही, तं मुद्दा असा हाये का..." आणि घंटा झाली.

दुसऱ्या शनिवारी ते तांब्या घेऊन आले.

मुलांनी नियम एकच केला होता. ज्याच्या हातात डस्टर, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, आणि बाकीच्यांत गुरुजीही आले. मला त्या तासाला वर्ग नसे, म्हणून मी मागच्या बाकावर निबंधाच्या वह्या तपासत बसायचो. वह्या हे निमित्त होतं. मला सरांचा चेहरा बघायचा असायचा. टीव्ही कोणी लावायचा, पोरींनी कबड्डी खेळावी का, कापूस वेचायला शाळा बुडवावी का, असे एकेक विषय निघत. एकदा बोलता बोलता एका पोट्ट्याने ठासून सांगितलं, चंद्राला स्वतःचा उजेड असतो. विज्ञानाच्या शिक्षकासमोर! सरांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांनी तोंडातला घोट गिळला, आता बोलणार म्हणेपर्यंत दुसरा घेतला, तोही गिळला, तिसरा घेतला. तांब्या रिकामा व्हायच्या बेतात आला, तेव्हा कुठे एका पोरीने डस्टर मागून घेतलं आणि त्या पोट्ट्याचा चंद्र विझवला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं की ठसक्याचं, मला सांगता येणार नाही. शाळा सुटल्यावरही दोन तास स्टाफरूममध्ये आम्ही ऐकत होतो, "मी नाही सांगतलं बरं! पोट्ट्यांनीच काढलं!"

घोटाळा झाला तो पोळ्यानंतरच्या एका शनिवारी. ती वर्षं कापसाला वाईट होती. बोंडात अळी आणि बाजारात भाव नाही, त्यामुळे घरोघरी मोठी माणसं मुकी झाली होती. मुलांनी त्या दिवशी विषय घेतला होता, घरात कोण कोणाशी बोलतं. डस्टर फिरत फिरत नीलिमाकडे आलं. तीन महिन्यांत ही मुलगी एक अक्षर बोलली नव्हती. दर वेळी डस्टर पुढे द्यायची. त्या दिवशी तिने ते घट्ट धरलं.

"माहे बाबा वावरातून येतेत आन् भिताडाकडे पायत बसतेत," ती म्हणाली. "मले इचाराचं असते, बाबा, काय झालं? पन भेव वाटते. मंग मी बकरीले इचारतो."

कोणी हसलं नाही. नेमके तेव्हाच गावंडे सर दारात उभे राहिले.

आता, गावंडे सरांचा जन्माचा वैरी म्हणजे खर्रा. तंबाखू-सुपारीच्या त्या पुडीपायी त्यांनी दोन शिपाई आणि एक क्लार्क सुतासारखे सरळ केले होते. त्यांना दिसलं काय, तर गाल फुगवून, ओठ आवळून, खाली बसलेला शिक्षक.

"इंगळे सर, काय आहे तोंडात?"

सरांनी मान हलवली.

"थुंका आधी! मुलांसमोर खर्रा?"

पाणी गिळून "पाणी आहे" म्हणायला कितीसा वेळ लागणार होता! पण सरांनी हात जोडले, मग एक बोट नीलिमाकडे केलं आणि तिथेच बसून राहिले. मी मागून उठायला गेलो, तर मलाही त्यांनी हातानेच खाली बसवलं. नीलिमा थांबली होती. सरांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, तशी ती पुढे बोलायला लागली. गावंडे सर लालबुंद होऊन निघून गेले. तास संपायच्या आत शिपाई मेमो घेऊन आला. वर्गात खर्रा खाल्ल्याबद्दल लेखी खुलासा मागितला होता आणि चर्चेचा तास बंद केला होता. इंगळे सर तर बडीशेपही खात नाहीत.

"अहो, एक शब्द बोलायचा होता!" मी वैतागलो.

"सर, मी एका शब्दावर थांबलो असतो का?" ते म्हणाले. "अन् थे पोरगी बसली असती ना खाली."



सोमवारी नीलिमा मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली, मागे अख्खी नववी 'ब'. मी दाराशी होतोच. "सर, पानी होतं थे," तिने सुरुवात केली. गावंडे सर गरजले, "कोणी पाठवलं तुम्हाला? शाळेत काय चाललंय..."

नीलिमाने ओढणीतून डस्टर काढून पुढे धरलं. "सर, डस्टर माह्याजवळ हाये."

तीस वर्षांच्या नोकरीत गावंडे सरांना असं कोणी सांगितलं नव्हतं. ते खुर्चीत मागे टेकले आणि पोरगी सांगत गेली ते सगळं त्यांनी ऐकलं. शेवटी "जा वर्गात" एवढंच म्हणाले. दुपारी मेमो मागे घेतला गेला आणि पुढच्या शनिवारी गावंडे सर स्वतः गोलात येऊन बसले. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मुलांनी त्यांना बाक दिला.

मला वाटलं, झालं, आता इंगळे सरांचं व्यक्तिचित्र पुरं झालं. मग एका रविवारी सकाळी ते मला स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर दिसले. त्यांचा मुलगा विवेक अमरावतीला मामाकडे राहून शिकतो, एवढंच मला ठाऊक होतं. सरांनी रिसीव्हर कानाला लावला होता. मी बाहेर थांबलो, कारण हा माणूस फोनवर काय बोलत असेल याची मला भलतीच उत्सुकता होती. ते "हं" म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा "हं". एकदा "बोल ना" म्हणाले. रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

बाहेर आल्यावर ते माझ्याजवळ कट्ट्यावर टेकले आणि पहिल्यांदाच कमी शब्दांत बोलले. "दहावीनंतर काय शिकाचं हे मी त्याले इचारलं, अन् उत्तरही मीच देल्लं. चिडून गेला मामाकडे. दोन साल झाले सर, फोनवर नुसता 'हो बाबा', 'ठेवू का बाबा'."

शनिवारचा तास हे सरांचं खूळ आहे असं सांगत मी गावभर त्यांची टर उडवली होती. मला माझीच लाज वाटली.

"आज बोलला?" मी विचारलं.

"बोलला ना! सायकल पंचर झाली म्हने त्याची. कुठं झाली, कितीक दूर ढकलत नेली, दुकानवाला काय म्हने, सारं सांगतलं!" सरांचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"मग तुम्ही सांगितलं असेलच, पंक्चर कसं काढायचं ते."

"नाही ना सर," ते म्हणाले. "मले येते पंचर काढता. तरी नाही सांगतलं."