कंसातले धोके

जन्माची वेळ इतकी वर्षं बाळावर सोपवलेली होती, हा मानवजातीचा अक्षम्य हलगर्जीपणा होय. ज्याला अजून स्वतःची मान धरता येत नाही, त्याच्या मर्जीवर शहाण्यासुरत्या माणसांनी रजा काढायच्या?

विमा विकणाऱ्या बाईच्या घरी ही चूक वेळीच दुरुस्त झाली. बाईचं पहिलंच बाळंतपण. तब्येत ठणठणीत, बाळही व्यवस्थित. (अडलेल्या बाईला सिझेरियन जीवदान देतं. इथे अडली होती ती नवऱ्याची रजा.) घरात बैठक बसली. पुढच्या महिन्यात नवऱ्याला साहेब सोडणार नव्हता. सासूबाईंच्या गुडघ्यांना अवेळी धावपळ झेपणार नव्हती. नणंदेने ठरवलेला फोटोवाला फक्त मंगळवारी मोकळा होता. मंगळवार एकमताने मंजूर झाला. दिवस भरायला तीन आठवडे कमी पडत होते, पण बाळाने हरकत नोंदवली नाही.

"अहो, थांबलं तर नाही का चालणार?" बाईने नवऱ्याला विचारलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. "कळा सोसायची हौस आलीय का? आमच्या वेळी ही सोय असती ना, तर मी रांगेत पहिली उभी राहिले असते!"

डॉक्टरीणबाईंनी आपलं कर्तव्य चोख बजावलं. "थांबलेलं बरं," त्या म्हणाल्या, "पण तुमची इच्छा. मंगळवारी टेबल रिकामं आहे. धोके सांगते हं, नियम आहे." आणि एका दमात त्यांनी ते सांगून टाकले (जास्त रक्तस्राव, जखमेत पू, पायात रक्ताची गाठ, मूत्राशयाला इजा, लवकर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास, पुढच्या खेपेला गर्भाची वार जुन्या व्रणाला चिकटणं). मग पाणी प्यायल्या.

बाईला तो सूर ओळखीचा वाटला. तो तिचाच होता. विम्याच्या अटी ती अगदी अशाच सांगायची. गिऱ्हाइकाला ऐकू जावं, पण डोक्यात शिरू नये. या कलेबद्दल कंपनीने तिचा दोनदा सत्कारही केला होता. श्वासाचं काय म्हणालात, असं विचारायला तिने तोंड उघडलं, तोवर नवऱ्याने हातात पेन दिलं.

"कर गं सही. सगळ्यांनाच सांगतात ते."

तिची गिऱ्हाइकंही हेच म्हणायची. तिने सही केली.

मंगळवारी सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. फोटोवाल्याला उजेड छान मिळाला. बाळ तेवढं रडलं नाही, कण्हत राहिलं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. (काचेतून काढलेल्या फोटोंना चकाकी येते, असं फोटोवाल्याचं मत पडलं.) टाके सावरत, चाकाच्या खुर्चीतून बाई तिथे पोहोचली. प्रत्येक श्वासाला बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"डॉक्टर, हे काय झालं हो?"

"सांगितलं होतं ना मी."

हे वाक्यही तिचंच. नवरा वारल्यावर विम्याचे पैसे मागायला आलेल्या बायकांना तिने ते कितीदा ऐकवलं होतं. त्यावर उत्तर नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने काचेला हात लावला.

बाळ अजून पेटीतच आहे.

तुम्हाला नवऱ्याचा राग आला असेल. सासूबाईंचा तर आलाच असेल. येऊ द्या. फक्त डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले सहा धोके वर न बघता एकदा म्हणून दाखवा.

नाही ना आठवत? नजर फिरवलीत आणि पुढे सटकलात.

सांगितलं होतं ना मी.