रेडिओवरचा पेला

एव्हेलियोनं ठरवलं, सात दिवस भांडायचं नाही. म्हणजे ठरवलं बायकोनं, दोमितिलानं; यानं नुसती मान हलवली. राग केला की दोमितिला आपला माहेरचा रेडिओ काखोटीला मारून बापाकडं जाणार होती. कायमची.

उपायबी तिचाच. रोज दुपारी हवानाचा एक बाबा रेडिओवर बोलायचा. रेडिओवर पाण्याचा पेला ठेवा, डोळे मिटा, मी पाण्यात गुण सोडतो, मग प्या. क्युबातलं ते अख्खं तंबाखूचं खोरं पीत होतं. कुणी गुडघ्यासाठी, कुणी नवऱ्यासाठी.

सहा दिवस एव्हेलियो प्यायला आणि गप राहिला. (गुण कसला डोंबलाचा, पाण्याला धुळीची चव.) सातव्या दुपारी तो रेडिओपुढं बसला. बेकेलाइट प्लास्टिकचा तपकिरी डबा, तापला की गोडसर जळका वास सोडणारा. काचेमागं पिकल्या आंब्यासारखा उजेड. बाबाचा आवाज पार लांबून, जणू विहिरीच्या तळातून यायला लागला. एव्हेलियो हलका झाला. चिरुटाच्या धुरासारखा ताडाच्या झाडांवरून तरंगत निघाला. खाली ज्यांच्याशी भांडला ते सगळे हात हलवत होते. सासरासुद्धा. सासऱ्याची बकरीसुद्धा.

बकरी काहीतरी चावत होती. कचर, कचर.

त्यानं डोळे उघडले. बकरी खरीच होती, दारापुढं, आणि तोंडात त्याची तंबाखूची रोपं होती.

मूठ रेडिओवर कधी बसली ते त्यालाच कळलं नाही. पेला लवंडला, पाणी मागच्या फटीतून आत गेलं. बाबा म्हणत होता, "मन शांत करा, शां—" आणि फुस्स. आंबा विझला.

दोमितिला दारातच उभी होती.

"मी ओरडलो नाही," एव्हेलियो हळू म्हणाला. "नुसतं मारलं."

तिनं डबा उलटा करून पाणी निथळू दिलं.

"बाबा खोटा नाही बगा," ती म्हणाली. "सहा दिवस तुमच्या पोटात पाणी गेलं, राग तसाच. ह्याच्या पोटात एकदाच गेलं, कसा गप झाला."

"मग जातीस?"

"मुका रेडिओ घिऊन कुठं जाऊ?" तिनं ओसरीवर उन्हात दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर रेडिओ ठेवला, दुसरीवर नवरा बसवला. "वाळा दोघं. जो आधी सुधारंल त्याला घरात घेईन."

तिसऱ्या दिवशी रेडिओ खरखरला आणि गायला लागला. तिनं त्याला झग्याच्या टोकानं पुसून आत नेलं.

एव्हेलियो अजून ओसरीवर हाय. बकरी शेजारच्या खुर्चीवर बसती.