हललेलं पिंप

ग्लासातल्या बिअरचा फेस बसायला लागला की आधी मधोमध खचतो. कडेचा फेस काचेला धरून बराच वेळ टिकतो. वहिनी गल्ल्यामागे उभ्या राहून रोज हे बघत, कारण बघण्यासारखं दुसरं काही नसे. दिवसाकाठी एकच म्हातारा येई, एक ग्लास घेई आणि छताकडे बघत तो संपवी. गर्दी सगळी समोरच्या बारमध्ये. तिथे रंगीत दिवे होते, गाणी होती, दाराशी रांग होती. इकडे एकच दिवा, आणि तोही कण्हत असल्यासारखा वाजायचा.

बार वहिनींच्या नवऱ्याचा. तो गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून समोरचा बारवाला ही जागा विकत मागत होता, पण मनापासून नाही. "मेलेली जागा आहे हो. तरी बघू," म्हणायचा. वहिनीही "बघू" म्हणायच्या. असे दोघंही वर्षभर बघत होते.

विकायला ठाम विरोध होता तो एकट्या धाकट्या दिराचा. त्याला सगळे वाटाड्या म्हणत, कारण दर शनिवारी दुपारी तो हौशी लोकांना शहरातल्या जुन्या बारांची फेरी घडवून आणायचा. फेरी सुरू केली तेव्हा बार होते. मग एकाचा दातांचा दवाखाना झाला, एकात मोबाइलचं दुकान आलं, एक नुसताच पडला. वाटाड्याने फेरीचा रस्ता बदलला नाही. थांबे तेच राहिले, फक्त आत जाता येत नसे. आत जाता येईल असा वहिनींचा बार तेवढा उरला होता. तोही गेला, तर त्याच्याकडे भावाचं म्हणून काही उरणार नव्हतं आणि स्वतःचं म्हणूनही.

त्या शनिवारी बारीक, चिकट पाऊस होता.

"हा शहरातला सर्वांत जुना बार," दातांच्या दवाखान्याकडे बोट दाखवून वाटाड्या म्हणाला. "इथे खलाशांची भांडणं व्हायची."

"आता नाही होत?" फेरीतल्या छत्रीवाल्या बाईंनी विचारलं.

"छे. ते दिवस गेले."

तेवढ्यात आतून कुणीतरी जीव खाऊन किंचाळलं.

"थोडंफार चालू दिसतंय," बाई म्हणाल्या.

पडलेल्या बारसमोर फेरी थांबली. नवीन लग्न झालेल्या जोडप्यातल्या नवऱ्याने हळूच विचारलं, "काका, प्यायला कुठे मिळणार?"

"शेवटच्या थांब्यावर. भाऊंच्या बारमध्ये."

"ते असतील ना तिथे?"

"नाही. ते वारले."

"या फेरीत जिवंत काय आहे हो?" बाईंनी विचारलं.

शेवटच्या थांब्याला कुलूप होतं. वहिनी कुठे गेल्या ते वाटाड्याला ठाऊक नव्हतं. जादा किल्ली त्याच्याकडे होती, म्हणून त्याने दार उघडलं, सगळ्यांना बसवलं, भावाचा एप्रन चढवला आणि नळ फिरवला. नळाने उचकी दिली आणि तो गप्प झाला. पिंप रिकामं होतं. भरलेलं तळघरात होतं.

"चला, हात लावा," वाटाड्या त्या नवऱ्याला म्हणाला. दोघांनी पिंप जिन्यावरून वर ओढायला घेतलं. प्रत्येक पायरीवर ते दाणकन आपटत होतं आणि वाटाड्या धापा टाकत नेहमीची माहिती सांगत होता. "पिंप म्हणजे तान्हं बाळ. हलवलं की... धरा, धरा... हलवलं की दिवसभर निजू द्यायचं. माझा भाऊ तर पिंपाजवळून... उचला... चपला काढून जायचा."

हे वाक्य त्याने इतक्या फेऱ्यांमध्ये म्हटलं होतं, की त्याला काही अर्थ असेल हे तो विसरून गेला होता.

"मग हे आत्ता हलवलेलं चालेल का?" बाईंनी विचारलं.

"ते निराळं," वाटाड्या म्हणाला आणि त्याने लाकडी हातोड्याने तोटी ठोकली.

घुसळलेल्या द्रवातल्या वायूला बाहेर पडायचं असतं, आणि त्याला वाट एकच मिळाली होती. फेसाचा लोट छताला लागला आणि तिथून सगळीकडे पसरला. बाईंनी छत्री उघडली. वाटाड्याने भोकावर तळहात दाबला, तर फेस बोटांमधून चार दिशांना उडायला लागला.

"सोडा हो हात!"

"सोडला तर वाया जाईल!"

"आणि आता काय होतंय?"

बाईंनी सूत्रं हातात घेतली. ग्लास भरले, जग भरले, बादली भरली, फुलदाणीतली कागदी फुलं काढून तीही भरली. उरलेला फेस दाराखालून बाहेर गेला आणि उतारावरून सावकाश रस्ता ओलांडून समोरच्या रांगेच्या बुटांपर्यंत पोचला. रांगेतले लोक पावसात कंटाळले होते. एकाने येऊन डोकावलं.

"काय चाललंय?"

"फेस आहे. घेता का?" बाईंनी फुलदाणी पुढे केली.

तो आत आला. मग त्याचे मित्र आले. मग कुणाचे मित्र ते विचारायचं राहून गेलं. बसायला जागा उरली नाही. छताकडे बघणारा नेहमीचा म्हातारा आज आला, तेव्हा छतावरून एक थेंब त्याच्या तोंडात पडला आणि तो गायला लागला.

रांग नाहीशी झाली म्हणून समोरचा बारवाला बाहेर आला. त्याच्यामागून वहिनी आल्या. त्या दुपारभर त्याच्याकडेच होत्या, जागेचं एकदाचं काय ते बोलायला, आणि तो अजून "बघू" म्हणत होता. दोघं रस्ता ओलांडून दारात उभे राहिले.

वाटाड्याने त्यांना पाहिलं. गर्दी दाखवण्याची अशी संधी वर्षभरात आली नव्हती.

"या, या! बघा!" तो ओरडला. "कोण म्हणतं ही जागा मेलीय? ही जागा सोनं आहे, सोनं! लोक पावसातून येतात इथे!"

"खरंच की," बारवाला म्हणाला. त्याने भिंतींकडे, माणसांकडे, परत भिंतींकडे बघितलं. "मी उगाच वर्ष घालवलं. वहिनी, मी घेतो. तुम्ही म्हणाल त्या किमतीला. आत्ता."

वाटाड्याचा हात पिंपावरच राहिला. "तसं नव्हे. हे काय... हे चुकून झालंय. रोज कुणीसुद्धा नसतं. विचारा वहिनींना!"

"नसतं कसं? आत्ता तुम्हीच म्हणालात, सोनं आहे."

"ते मी असंच म्हणालो! वहिनी, सांगा ना यांना."

वहिनी ओल्या फरशीवरून जपून आत आल्या. कुणीतरी सरकून त्यांना जागा दिली. गल्ल्याच्या या बाजूला, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर, त्या पहिल्यांदाच बसल्या. बाईंनी त्यांच्यासमोर ग्लास ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि त्या बराच वेळ गर्दीकडे बघत राहिल्या.

"हे होते तेव्हा असंच असायचं," त्या म्हणाल्या. "अशीच गर्दी."

"तेच म्हणतोय मी! मग ठेवू या ना. आपण दोघं मिळून चालवू."

"रिकामी कशी विकायची, हे मला कळत नव्हतं. वाटायचं, यांनी भरलेली दिली आणि मी मारून विकली." त्यांनी ग्लास खाली ठेवला. वाटाड्याच्या कोपरावरून फेस ओघळत होता. तो त्यांनी पदराने पुसला. "आज भरलीय. तुम्ही भरलीत. भाऊजी, मी विकतेय."