नाना आणि पेशीतले टारगट

आमच्या शिरपूरच्या गल्लीत कुणी साठीचा झाला की लोक हार नेतात, नाना मक्याचं कणीस नेतात. वाळलेलं, दाण्यांवर जांभळे शिंतोडे उडालेलं. ते सत्कारमूर्तीच्या हातात ठेवून खणखणीत आवाजात म्हणतात, "अभिनंदन! तुमचे टारगट सुटले!"

घरचे लोक पेढा देऊन त्यांना वाटेला लावायला बघतात. नाना पेढा खातात आणि खुर्ची ओढून बसतात.

नाना कॉलेजातून निवृत्त झालेले जीवशास्त्राचे प्राध्यापक. घरी एकटेच. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता गावातल्या प्रत्येक भोंदूविरुद्ध पत्रकं काढणारी, म्हणून त्यांच्या लेखी 'पत्रकबाई'. टारगट म्हणजे डीएनएमधले उडाणटप्पू तुकडे. कुणी जागा सोडून, कुणी स्वतःची नक्कल काढून, डीएनएत भलतीकडेच जाऊन घुसतात. रंगाच्या जनुकात घुसले की मक्याच्या दाण्याचा रंग जातो, निघाले की परत येतो, म्हणून ते शिंतोडे. माणसाच्या डीएनएचा जवळपास निम्मा भाग असल्याच तुकड्यांचा.

"बरेचसे मेलेले," नाना सांगतात, "पण थोडे जित्ता शेतस! तरुणपणी पेशी त्यांना दाव्याला बांधून ठेवते. वय झालं की दावी सैल होतात. टारगट मोकाट सुटले की पेशीला वाटतं, विषाणू घुसला. ती बोंब ठोकते आणि अंगात बारीक आग धुमसत राहते."

"म्हणजे म्हातारपण यांच्यामुळेच?" कुणीतरी विचारतंच.

या प्रश्नाला नाना मांडीवर थाप मारतात. "ते भांडण मिटलेलं नाही. सुटले म्हणून म्हातारे झालो, की म्हातारे झालो म्हणून सुटले? दोन्ही असेल. ज्याला पक्कं माहीत आहे ना, तो काहीतरी विकायला आलाय!"

यंदा तसा एक आलाच. बाटलीवर छापलेलं, 'उड्या मारणारी जनुकं बांधा, तरुण व्हा.' नानांचं सगळं शास्त्र चोरून वर हिरवं सरबत! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे माहेरवाशिणींची गर्दी असते, म्हणून त्याने नेमका तोच दिवस धरला. माझं डोकं फिरलं. मीही त्याच दिवशी पाच वाजता चौकात सभा लावली आणि पत्रक काढलं: 'म्हातारपण लपवू नका! ते विकणाऱ्याला पकडा! वक्ते: नाना.'

नानांनी पत्रक वाचलं. "उद्गारचिन्हांचा सडाच घातलास, पत्रकबाई." मग जरा चुळबुळले. "आखाजीला अक्का येते माझी. शिंदखेड्याहून."

"आणा की त्यांनाही."

"बघू," म्हणाले. एरवी नाना 'बघू' म्हणणारा माणूस नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाच वाजले. लोक जमले. समोर बाटलीवाल्याचा भोंगा कोकलत होता आणि वक्त्याचा पत्ता नाही. मी तणतणत नानांच्या घरी गेले. मागच्या अंगणात निंबाला माहेरवाशिणीसाठी आखाजीचा झोका बांधलेला. शेजारी कुणी अनोळखी माणूस पाठमोरा उभा, केस काळेकुळकुळीत.

"नाना कुठेत हो?"

तो वळला. नानाच! मिशा काळ्या, भुवया काळ्या, कानाची पाळीसुद्धा तरुण झालेली. कॉलरवर रंगाचे ओघळ.

"नाना! आज? लोकांना म्हातारपण लपवू नका म्हणून सांगायचं, आणि वक्ता हा असा?"

"हळू बोल," नाना कुजबुजले. "अक्काला हल्ली आठवत नाही. गेल्या आखाजीला मला बघून म्हणाली, 'हाऊ म्हतारा कोन शे? मना भाऊना केस काया शेतस.' दिवसभर ओट्यावर बसून त्या काळ्या केसांच्या भावाची वाट बघत राहिली. मी समोर बसलेलो. झोक्यावर बसली नाही. परक्या माणसाच्या हातचा झोका कशी घेईल?"

मी काही बोलणार तोच अक्का मागल्या दारातून आल्या. वाकलेल्या, हातात सांजोरी. नाना एकदम ताठ झाले. शाळेत तोंडी परीक्षेला उभं राहावं तसे. अक्का थांबल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या. चौकातला भोंगा इथवर ऐकू येत होता.

मग त्यांनी नानांच्या मनगटाला चिमटा काढला. "कितला सुकी गया रे तू! माय जेवाले नही दे का?"

आई जाऊन किती वर्षं झाली, गल्लीला ठाऊक आहे.

"देस ना, अक्का," नाना म्हणाले. "पोटभर देस."

अक्कांनी सांजोरी त्यांच्या तोंडात कोंबली, पदर खोचला आणि झोक्यावर बसल्या. "जोर लाव. भिऊ नको."

भरल्या तोंडाने नाना मला म्हणाले, "पाच मिनिटं थांब. येतो मी सभेला. हे डोकं बघून बाटलीवाला मलाच जाहिरातीत बसवेल, बसवू दे."

"येऊ नका," मी म्हटलं.

चौकात जाऊन सांगितलं, सभा उद्या. बाटलीवाल्याला एक संध्याकाळ फुकट मिळाली. माझ्याकडून कुणा भोंदूला अशी सवलत पहिल्यांदाच.