रोकडेकाकांची वरची ओळ

शेजारच्या रोकडेकाकांच्या तावडीत सापडलेला माणूस स्वतःचा गळा चाचपल्याशिवाय सुटायचा नाही. नमस्कार-चमत्कार नाही, थेट हुकूम: "बोट लाव. गळ्याच्या घाटीवर नाय रे, घाटीच्या खाली. खाच लागली? आता आवाज वर ने. मिटली का नाय?"

मिटायची. मग कुळगावातल्या आमच्या चाळीचा जिना असो की रेशनची रांग, काकांचा तास सुरू. त्या खाचेच्या दोन बाजूंना दोन बारीक स्नायू असतात. ते आवळले की आतल्या स्वरतंतूंना ताण बसतो आणि आवाज चढतो. "ढोलकीची दोरी ओढतो ना, तसं. सगळी करामत या दोन भावांची!" उल्हासनगरात शर्टाचं कापड घेताना त्यांनी सिंधी शेठलाही 'आ' करायला लावलं. "साईं, पहले कपडा तो ले लो," शेठ काकुळतीला आला.

काका अंबरनाथ एमआयडीसीत फिटर, आणि जयंतीला आमच्या भीमगीत मंडळाचे मुख्य गायक. चढ्या सुरातली वरची ओळ त्यांचीच. ती त्यांनी उचलली की पलीकडच्या आळीतल्या बायका लाटणं सोडून ओट्यावर यायच्या.

मग थायरॉइडची गाठ झाली. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं, "गाता का?" मंडळात गाण्याचे पैसे घ्यायची रीत नव्हती, आणि आमच्या लेखी गायक म्हणजे ज्याची कॅसेट निघते तो. काका संकोचून म्हणाले, "नाय, फिटर आहे."

गाठ निघाली, जीव वाचला. पण केसाएवढी एक नस गाठीला चिकटलेली होती, ती गेली. दोन भावांतला एक कायमचा लुळा पडला. बोलणं ठीक, पण आवाज वर चढेना. "'गातो' म्हणलो असतो, तर नस जपली असती का रे?" हे ते कितीदा तरी विचारायचे. आजही आठवलं की जीव हळहळतो.

पुढे जयंतीला काका मागे, कोरसात बसू लागले. एका वर्षी कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही दोघं सतरंज्या गुंडाळत होतो.

"तुझी काकी सांगते, झोपेत मी पयल्यासारखाच गातो. वरची ओळपण घेतो."

"बघा!" मी म्हणालो.

"बघा काय? नस नाय, तर आवाज येणार कुठून? खोटं बोलते बिचारी." त्यांनी सतरंजी खांद्यावर घेतली. "तरी रोज सकाळी विचारतो तिला, काल गायलो का म्हणून."