काकांचे स्वच्छ हात

हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आधी दोन दिवस काकू मेणबत्तीचा तुकडा आणि चिंध्या घेऊन घरभर फिरत होत्या. पोटातली गाठ काढायची होती, पंधरा दिवस तरी जाणार होते, आणि मागे राहणाऱ्या माणसावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी खिडकीची फट कागदाने बुजवली, ओट्याखालचं उंदराचं बीळ काचा घालून लिंपलं, गळक्या बादलीला मेण लावलं, काकांच्या सगळ्या शर्टांची बटणं घट्ट केली. जे जे गळतं, सुटतं किंवा उघडं राहतं ते ते बंद करूनच त्या निघाल्या. उघडं राहिलं ते फक्त काकांचं तोंड. ते दारात उभे राहून नुसते बघत होते.

"गाठच आहे ना?" काकू म्हणाल्या. "मग मयताला आल्यासारखे उभे राहू नका. पिशवी घ्या."

काका पुस्तकं बांधायचे. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवून त्यांची स्वतःची पाठ वाकली होती. त्यांच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतलेली एक मोटरसायकल होती आणि जवळजवळ तितकीच जुनी एक सबब होती: गाडी बंद पडली.

ही सबब काकूंनी पहिल्यांदा ऐकली ती मुलगी झाली त्या दिवशी. बाळ सकाळी झालं आणि बाळाचे वडील संध्याकाळी उगवले. हॉस्पिटल म्हटलं की काकांच्या पायांतलं बळच जाई, म्हणून ते दिवसभर बागेतल्या बाकावर बसून होते. "गाडी बंद पडली," ते म्हणाले. काकूंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांत खळ वाळलेली होती, पण वंगणाचा एक ठिपका नव्हता. ज्याची गाडी खरोखर बंद पडते त्याचे हात काळे असतात, एवढं त्यांना कळत होतं. त्या बोलल्या मात्र काही नाहीत. त्यानंतर तीस वर्षं 'गाडी बंद पडली' ऐकलं की त्या आधी हात बघायच्या आणि मग जेवायला वाढायच्या.

सोमवारी भेटायची वेळ चार ते पाच होती. काका तीनलाच तयार झाले. टाकीचा काटा कधीच मोडला होता, म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे झाकण उघडून, आत काडी घालून पेट्रोल मोजलं आणि निघाले. गाडी बाजारापर्यंत छान चालली. पुलावर तिने दोन-तीन गचके दिले. चौकात उभी असताना इंजिन धाप लागल्यासारखं करू लागलं, आणि उतारावरून घरंगळत ती जिथे बंद पडली ते स्मशानाचं फाटक होतं.

फाटकाशी रखवालदार स्टुलावर बसला होता. त्याने काकांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आत जायचंय?"

"नाही हो. गाडी बंद पडलीय."

"पेट्रोल बघा."

काकांनी टाकी उघडून पाहिलं. पेट्रोल होतं. मग त्यांनी प्लग काढला, पुसला, फुंकला, परत बसवला. गाडी चौथ्या किकला सुरू झाली. पाचला पाच मिनिटं कमी असताना ते हॉस्पिटलात पोचले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. असल्या हातांनी आजारी माणसाजवळ कसं जायचं, म्हणून त्यांनी खालच्या नळावर साबण मागून घेऊन ते स्वच्छ धुतले.

"गाडी बंद पडली," ते म्हणाले.

काकूंनी हात पाहिले. "बरं," त्या म्हणाल्या.

"अगं, खरंच पडली. स्मशानासमोर."

"बागेसमोर नाही का पडली या वेळी?"

बागेचं हिला ठाऊक आहे, हे काकांना तीस वर्षांनी कळलं.

मंगळवारी त्यांनी गाडी मेकॅनिककडे नेली. मेकॅनिकने आधी टाकी उघडली, पेट्रोलचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि कार्बोरेटर उघडून जमिनीवर मांडला. तासाभराने गाडी अशी सुरू झाली की दुकानातले डबे हलले. "आता बघायचं काम नाही, काका. लेकराच्या हृदयाचा ठोका असावा तशी चालतेय," तो म्हणाला. काका निघाले. पुलावर गचके, चौकात धाप, आणि गाडी बरोबर स्मशानाच्या फाटकासमोर.

रखवालदार स्टुलावरून उठला. "बसा. तुम्ही दमलेले दिसता."

"बसायला वेळ नाही हो. बायको हॉस्पिटलात आहे."

"काय झालंय?"

"गाठ आहे पोटात. गुरुवारी ऑपरेशन."

रखवालदाराने फाटकाकडे एकदा पाहिलं आणि मग मान दुसरीकडे वळवली. "होईल बरं सगळं," तो म्हणाला. पण त्या फाटकाशी उभं राहून म्हटल्यामुळे त्या वाक्यात काही जीव उरला नाही.

त्या दिवशी काका पोचले तेव्हा हॉस्पिटलचं दार बंद झालं होतं. वर दोन क्रमांकाच्या वॉर्डच्या खिडकीत काकू उभ्या होत्या. काकांनी खालून हातवारे करून किक मारून दाखवली. काकूंनी खिडकी लावून घेतली.

बुधवारी काकूंचा धाकटा भाऊ आला. हा मेहुणा पाणीपुरवठ्यात पंप चालवायचा आणि जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्याचं स्वतःचं मत असायचं.

"भाऊजी, मेकॅनिकला काय कळतं? दोष विजेचा असणार." त्याने टाकी उघडून पेट्रोल पाहिलं, मग सीट काढली, तीन वायरी कापल्या, तीन जोडल्या. गाडी सुरू झाली. मेहुणा मागे बसला आणि चौकापर्यंत स्वतःची स्तुती ऐकवत आला. स्मशानापाशी त्याचं वाक्य अर्धवट राहिलं.

"आज दोघं?" रखवालदार म्हणाला आणि आतून दुसरं स्टूल घेऊन आला.

मेहुण्याने टाकी उघडली. आतून फुस्स असा आवाज आला. तो ऐकून त्याचे डोळे चमकले. "बघा! सारखी उघडझाक करता तुम्ही. पेट्रोल उडतं, कचरा आत जातो, तोच नळीत अडकतो. आजपासून टाकी उघडायची नाही." त्याने खिशातली काळी टेप काढून झाकणाभोवती तीन वेढे घट्ट बसवले. गाडी सुरू झाली, आणि मेहुण्याने आपण काय म्हणालो होतो ते काकांना पुन्हा दोनदा सांगितलं.

उरलेला रस्ता थोडा होता. त्या संध्याकाळी काकांना दहा मिनिटं भेट मिळाली. अर्थात आधी हात धुऊन.

काकूंचा चेहरा दोन दिवसांत उतरला होता. "हे बघा," त्या हळू म्हणाल्या, "उद्या साडेसातला मला आत नेणार. तुमची सबब मी तीस वर्षं ऐकली. चोवीस तास भिऊन घरात बसलात तरी मी काही म्हणत नाही. पण उद्या आत जाताना मला तुमचं तोंड दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मी ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही. उठून घरी येईन, मग गाठीचं काय व्हायचं ते होवो."

"मी येतो. सहालाच निघतो."

"गाडीने येऊ नका."

"पहिली बस साडेसातची आहे गं. आणि गाडी आता दुरुस्त झाली. तुझ्या भावाने केली."

"मग झालंच," काकू म्हणाल्या.

गुरुवारी काका सहाला निघाले. मेहुण्याची आज्ञा होती म्हणून टाकी उघडली नाही. कालची टेप तशीच होती. पुलावर गचके आले तेव्हा त्यांनी गाडीला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. स्मशानापाशी ती थांबली, आणि या वेळी काही केल्या सुरू होईना. काकांनी प्लग काढला, वायरी ओढल्या, साठ-सत्तर किका मारल्या. हात काळे झाले, शर्टाला वंगण लागलं, कपाळ पुसलं तर तेही काळं झालं. पावणेसात झाले. रखवालदार मागून ढकलत होता. सात झाले.

"पायी जायला तास लागेल. ती सही करणार नाही," काका म्हणाले आणि रस्त्यावरच खाली बसले.

तेवढ्यात फाटकातून मयताची गाडी बाहेर आली. रखवालदाराने तिला हात केला, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलला आणि काकांना उठवलं. "चला. हा हॉस्पिटललाच चाललाय."

ड्रायव्हरने दार उघडलं. "पुढे बसता की मागे?"

"पुढे," काका घाईने म्हणाले.

वर काकू खिडकीशी उभ्या होत्या. नर्स स्ट्रेचर घेऊन दहा मिनिटं ताटकळत होती. "आजी, डॉक्टर ओरडतील मला. आडव्या व्हा ना." काकू हलत नव्हत्या. सव्वासातला खाली मयताची गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून काका उतरले.

नर्सने डोळे मोठे केले. "हे कोण?"

"माझेच," काकू म्हणाल्या.

काका धापा टाकत वर आले. नळाची आठवण त्यांना राहिलीच नव्हती.

"जन्मभर सगळीकडे उशिरा पोचलात," काकू म्हणाल्या, "आणि ही गाडी तेवढी वेळेआधी घेऊन आलात?"

"गाडी बंद—" काका म्हणायला लागले.

काकूंनी सवयीने त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग एक हात ओढून जवळ घेतला, उलटा केला, सुलटा केला. तळवा, नखं, बोटांच्या पेरांमधल्या रेषा, सगळं काळं होतं.

"म्हणजे खरंच बंद पडते?"

"सोमवारपासून. मी रोज हात धुऊन येत होतो गं. तुला घाण लागू नये म्हणून."

काकूंनी डोळे मिटले. "अहो, हे आधी सांगायचंत," त्या म्हणाल्या, आणि काय सांगायचं होतं ते दोघांपैकी कुणालाच नीट सांगता आलं नसतं. त्यांनी सही केली आणि स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. काकांचा काळा हात त्यांनी सोडला नाही. नर्स ओरडली, मग ओरडायची थांबली आणि नुसतीच स्ट्रेचर ढकलू लागली.

"मग गाडी सुरू कशाने होते?" काकूंनी चालत्या स्ट्रेचरवरून विचारलं.

"ज्याच्या त्याच्या हातगुणाने. मी प्लग पुसतो, तुझा भाऊ वायरी जोडतो. पण आधी प्रत्येक जण टाकी उघडून पेट्रोल बघतो."

"उघडताना आवाज येतो?"

"येतो. फुस्स."

ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी आल्यावर काकू म्हणाल्या, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतं का?"

"थोडं पडून थांबतं."

"म्हणून हवा जायला दुसरं पाडतात. तुमच्या टाकीच्या झाकणाला वर एक बारीक भोक होतं. वरच्या बाईंच्या कुंड्यांचं पाणी त्यात ठिबकतं म्हणून तुम्हीच कुरकुरत होता. मी ते बुजवून आले. मेणाने. मी नसताना तुम्हाला त्रास नको म्हणून."

दार लागलं. नर्सने काकांच्या हातात एक पुडी दिली: चष्मा, अंगठी आणि केसांचे चार आकडे.

काका साडेतीन तास दाराबाहेरच्या बाकावर बसून होते. या वेळी बाक हॉस्पिटलातला होता. पायांत बळ नव्हतंच, पण ते उठले नाहीत. अकराच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती. ती कसली होती ते तपासणीनंतर कळणार होतं.

दुपारी काका चालत स्मशानापाशी गेले. टेप सोडवली, पुडीतला एक आकडा सरळ केला आणि झाकणावरच्या बारीक भोकातलं मेण कोरून काढलं. गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि जागच्या जागी एका लयीत चालत राहिली. काका स्टुलावर बसून ऐकत राहिले.

"सुरू झाली ना? मग निघा. पेट्रोल जळतंय," रखवालदार म्हणाला.

"जळू दे," काका म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

मेहुण्याने टेप नसल्याचं पाहून नापसंती दाखवली. मेकॅनिकने श्रेय घेतलं. काकांनी दोघांनाही काही सांगितलं नाही.

तपासणीचा कागद दहा दिवसांनी आला. तो वाईट नव्हता, पण चांगला म्हणावा असाही नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं होतं. घरी जायच्या दिवशी मेहुणा रिक्षा आणतो म्हणाला, पण काकूंनी ऐकलं नाही. त्या सीटवर उशी घेऊन काकांच्या मागे बसल्या. त्यांच्या अंगात फारसं काही उरलं नव्हतं, त्यामुळे गाडीला ओझं जाणवलंच नाही.

स्मशानाच्या फाटकाशी गाडी दिसताच रखवालदार सवयीने उठला आणि स्टूल घेऊन रस्त्याकडेला येऊन उभा राहिला. गाडी थांबेना हे पाहून तो गोंधळला.

"अहो, स्टूल!" तो ओरडला. "थांबत नाही का?"

काकांच्या पाठीवर टेकलेलं डोकं काकूंनी उचललं. "नाही," त्या मागे वळून म्हणाल्या. "इतक्यात नाही."