शॉकअपला स्वेटर

ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत मी ज्याला एकदातरी गंडवलेलं नाही असा माणूस दाखवा, त्याच्या गाडीला फुकट सीट कव्हर घालून देतो. आणि तो कव्हर घ्यायला आला की तोही गंडलाच, कारण माझ्या दुकानात फुकट काही मिळत नाही.

दुकान वागळे इस्टेटमध्ये, घर ठाकुर्लीला, नाव विनीत, वय बावन्न. माझी बायको नंदा म्हणते, बावन्न नुसतं कागदावर, खरं वय बारा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मी एकदा पटवलेलं की लिफ्टमध्ये एका पायावर उभं राहिलं की वीज कमी लागते. पंधरा दिवस तो माणूस बगळ्यासारखा वर-खाली करत होता. असा आपला हात. पण या कथेत त्या हातावर देवीनेच हात मारला, तो कसा ते ऐका.

आनंदा माझा शाळेपासूनचा दोस्त. डोंबिवलीच्या कडेला त्यांचं जुनं गाव, आता चारी बाजूंनी टॉवर. आजाने मिठागर राखलं, बापाने भात पिकवला, आनंदाच्या वाट्याला बिल्डर आला. त्यातून त्याने एक गाडी घेतली. गाडी म्हणजे डोंगरदऱ्यांत फिरायचा तो राक्षसी ट्रक असतो ना, तो. चाक माझ्या छातीला लागतं. बॉनेटवर चार माणसं पंगतीला बसतील. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नकळत चपला काढलेल्या.

"एवढा कशाला रे?" मी विचारलं.

"आईसाठी."

त्याची आई, बायजाआई, वय एक्याऐंशी. टिटवाळ्याच्या पुढे डोंगरावर तिच्या माहेरची देवी. दरवर्षी जत्रेला जायची. सहा वर्षांपूर्वी पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने सांगितलं, चालणं-फिरणं ठीक, पण धक्का बसता कामा नये. आणि देवीचा रस्ता म्हणजे नुसते दगड. त्यावरून साधी जीप गेली तर आत बसलेल्याचे दातसुद्धा जागा बदलतात. सहा वर्षं म्हातारी जत्रेच्या दिवशी अंगणात डोंगराकडे तोंड करून बसायची आणि कुणाशी बोलायची नाही.

"यंदा आई देवीपुढे उभी राहणार. पोटातलं पाणी हलणार नाय तिच्या," आनंदा म्हणाला.

त्यासाठी त्याने ट्रकचे धक्के गिळणारे मूळ शॉकअप काढून नवीन बसवले. बसवणारा गुणाजी, माझ्या दुकानासमोरचा मिस्त्री. दिवसाला मोजून चाळीस शब्द बोलतो. त्याने खोक्यातून पहिला शॉकअप काढला आणि आजूबाजूच्या चार गाळ्यांतलं काम थांबलं. काय तो दांडा! माझ्या मांडीएवढा जाड, वर निळी स्प्रिंग, बाजूला गॅसची वेगळी डबी, आणि आतला रॉड असा चकचकीत की त्यात बघून दाढी करावी.

"जुने गरम झाले की झोपतात. हे झोपत नाहीत," गुणाजी म्हणाला.

मग त्याने दगड लागू नये म्हणून पुढे जाड रबराच्या पट्ट्या टांगल्या आणि आनंदाला बजावलं, "चिखलातून आलास की पाण्याने धू. मऊ फडक्याने रॉड पूस. वर काही गुंडाळायचं नाही. आत खडी अडकली की रॉडवर कानस चालते. सील गेलं, तेल गेलं. मग ट्रकात आणि बैलगाडीत फरक नाही."

आज गुणाजीचे शब्द संपले होते. तो आत गेला.

पण आनंदा पडला नव्या वस्तूचं प्लॅस्टिक न काढणारा माणूस. त्याच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. शॉकअप उघडे राहणार या विचाराने त्याचं जेवण उडालं. स्पीड ब्रेकर आला की ट्रक थांबवायचा, खाली उतरून बघायचा, मग असा हळू चढवायचा की मागचे रिक्षावाले त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. शेवटी माझ्याकडे आला.

"विन्या, तू कव्हर शिवतोस. रेक्झिनचं काहीतरी शिव ना."

इथे मी नुसतं नाही म्हणायला हवं होतं. पण समोर असा मऊ लोण्यासारखा माणूस आला की माझी जीभ सुरी होते.

"रेक्झिन?" मी म्हटलं. "आत वाफ धरेल. अरे, बाहेरच्या देशांत सगळे लोकरीचं घालतात. हाताने विणलेलं. लोकर श्वास घेते. मेंढीला कधी घामोळं आलेलं बघितलंस?"

आनंदा विचारात पडला. "नाय बघितलं."

"मग? आणि गुणाजीला सांगू नको, त्याला राग येईल."

दोन दिवसांनी फोन करून हसायचं असं ठरवलेलं. तेवढ्यात दुकानात एका शाळेच्या बसचं काम आलं आणि मी साफ विसरलो. पाचव्या दिवशी त्याचाच फोन. "वहिनीला घेऊन ये. बघायला ये."

गेलो तर अंगणात गर्दी. ट्रकच्या पोटाखाली चार लालभडक स्वेटर. त्यांच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या मंदाकिनीकाकूंनी विणलेले. निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट, आणि मापं घ्यायला बाई स्वतः टेप घेऊन ट्रकखाली शिरलेल्या. वरखाली घट्ट पट्टी, मध्ये वेण्यांचं डिझाइन, बाजूला बटणं, आणि प्रत्येकाला एकेक गोंडा. एकेका स्वेटरला चार-चार गुंडे लोकर. एप्रिल महिन्यात ट्रक काश्मीरला निघाल्यासारखा दिसत होता. खोटं कशाला बोलू, मी इतकी सुंदर वीण जन्मात बघितलेली नाही.

"गारीला थंडी वाजते काय रं?" एक म्हातारा विचारत होता.

"परदेशात असंच घालतात," आनंदा अभिमानाने सांगत होता. "विन्याने सांगितलं."

बायजाआई खुर्चीवर बसलेली. तिने डोळ्याला पदर लावला. "माझे पाठीसाठी पोरानी गारीलापन उबदार घातलंन."

आता सांगा, अशा वेळी कुठल्या तोंडाने म्हणणार की मस्करी होती? नंदाने माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांचा संसार आहे, तिला माझ्या कानांच्या रंगावरून कळतं.

"अहो, ही तुमची करणी ना?"

"हळू बोल."

"त्या म्हातारीला काही झालं ना, तर घरात येऊ नका."

जत्रेच्या दिवशी सकाळी निघालो. आनंदा चालवायला, शेजारी बायजाआई, मागच्या सीटवर मी आणि नंदा. बायजाआईच्या मांडीवर पितळेचा तांब्या, त्यात घरच्या विहिरीचं पाणी काठोकाठ, देवीला घालायला. टिटवाळा मागे पडला, डांबर संपलं, कलिंगडाएवढे दगड सुरू झाले. मी दात आवळून, हँडल धरून तयार.

आणि काही झालंच नाही. बाहेर चाकं माकडासारखी वर-खाली उड्या मारत होती आणि आत आम्ही दिवाणखान्यात बसल्यासारखे. तांब्यातलं पाणी नुसतं थरथरायचं आणि काठापाशी येऊन परत जायचं. आम्ही चौघंही त्या तांब्याकडे बघत होतो.

थोड्या वेळाने बायजाआईने विचारलं, "आनंदा, खराब रस्ता कवा लागनार?"

"आई, अर्धा संपला."

तिने काचेतून दगड बघितले, तांब्या बघितला आणि डॅशबोर्डला हात लावून नमस्कार केला. मी उगाच खोकलो आणि डोळे पुसले, नंदाला दिसायला नको म्हणून.

तोंड लपवायला मान मागे वळवली आणि मागच्या काचेतून मला तो दिसला. लाल धागा. ट्रकच्या पोटातून निघून मागे रस्त्यावर, बाभळीच्या काट्यांवरून, वळणामागे गेलेला. खाली कुठल्यातरी काट्याने मागच्या स्वेटरचं टोक पकडलेलं आणि ट्रक पुढे जाईल तशी मंदाकिनीकाकूंची वीण उसवत चाललेली.

"काय झालं?" नंदाने विचारलं.

"निसर्ग बघतोय."

पुढच्या वळणावरून खालचा रस्ता दिसला. जत्रेला चालत येणारी माणसं धाग्यापाशी थांबत होती. धागा कुणी ओलांडत नव्हतं. बायका वाकून हळद-कुंकू वाहत होत्या. वडाला सूत गुंडाळतात तसं कुणीतरी डोंगराला सूत घातलंय, मोठा नवस आहे, अशी बातमी पसरलेली. मग एकीने धागा हातात धरला, तिच्यामागे दुसरीने, आणि बघता बघता धागा धरून रांग चढू लागली. कुणी ढकलत नाही, कुणी पुढे घुसत नाही. आपल्याकडे अशी रांग मी तरी कधी बघितलेली नाही. मागे ताशावाले. आणि रांगेच्या पुढे, मान खाली घालून, आमचा ट्रक.

देऊळ शंभर पावलांवर आलं आणि आनंदाने ब्रेक मारला. जत्रेसाठी आलेला पाण्याचा टँकर गळलेला आणि पुढे रस्त्यात गुडघाभर चिखल, वर खडी. मागचे दोन स्वेटर वाटेत उसवून संपलेले, पण पुढचे दोन तसेच. मला गुणाजीचे सगळे शब्द एकदम ऐकू आले. लोकर चिखल पिणार, खडी धरणार, रॉडवर कानस चालणार. शॉकअप गेला तर उतरताना म्हातारीचा मणका आणि ते दगड, मध्ये कोणी नाही.

"थांब," मी ओरडलो आणि उडी मारली.

पांढरा झब्बा घातलेला मी. इथपर्यंत वाहत आलेल्या चिखलात तसाच पालथा पडून ट्रकखाली घुसलो. बटणं निघेनात, मंदाकिनीकाकूंनी ती सात जन्मांसाठी लावलेली. पूजेच्या ताटातली सुरी नंदाने खालून सरकवली. मी एक स्वेटर कापला, सरपटत दुसऱ्या बाजूला गेलो, दुसरा कापला. तेवढ्यात रांग येऊन पोचली.

"कोन हाय खाली?" कुणीतरी विचारलं.

"लोटांगन घालतंय. गारीखालून."

"बापरे. कवडा मोठा नवस."

मी दोन लाल स्वेटर हातात घेऊन, नखशिखांत चिखलाने माखून बाहेर आलो, तेव्हा पाच-सहाशे माणसं हात जोडून उभी होती. आनंदाचं तोंड उघडं. "विन्या, हे काय?"

एकच वाक्य बोलायचं होतं, मस्करी केलेली रे. तोंडातून निघालं, "देवीला लोकर बोललेलो."

गुरव धावत आला. त्याने दोन्ही स्वेटर घेतले, देवीच्या पायाला लावले आणि प्रसाद म्हणून माझ्याच दोन हातांना कोपरापर्यंत गुंडाळले. गोंड्यांसकट.

ट्रक उघड्या शॉकअपवर चिखलातून लोण्यातून जावा तसा गेला. बायजाआई स्वतःच्या पायांनी उतरली. आत जाऊन तिने काठोकाठ तांब्या देवीवर रिकामा केला आणि बराच वेळ कपाळ टेकून उभी राहिली. आनंदा लहान मुलासारखा रडला. मीही, पण माझ्या तोंडावर चिखल होता, त्यामुळे ते हिशोबात धरू नका.

परत फिरताना बायजाआई माझ्यापाशी थांबली. माझ्या हातांवरचे स्वेटर चाचपले.

"विन्या, मेंढी कंची रं यात? मी का तू?"

"मी, आई."

"हां," ती म्हणाली. "कोनाला सांगू नको. लोकांची भक्ती मोरंल."

म्हणजे आयुष्यातली सर्वांत मोठी फसवणूक, सहाशे माणसं, ताशासकट, आणि तोंडाला कुलूप. वर घरी आल्यावर नंदा म्हणाली, "मीपण धाग्याला गाठ मारली."

"काय मागितलंस?"

"यांच्या जिभेला हाड येऊ दे."

त्याला आता वर्ष होत आलं. मी कोणाला गंडवायला तोंड उघडलं की समोरचा हात जोडतो. काय मजा राहिली? परवा यंदाच्या जत्रेची पत्रिका आली. मंदाकिनीकाकू प्रमुख पाहुण्या, डोंगराला लाल सूत त्याच गुंडाळणार. आणि खाली छापलंय, 'सकाळी दहा वाजता, श्री. विनीतभाऊ यांचे ट्रकखालील लोटांगण.'

पत्रिका घेऊन गुणाजीकडे गेलो. म्हटलं, निदान हा तरी हसेल. त्याने ती नीट वाचली, घडी घालून परत दिली आणि माझ्या हातात एक मऊ फडकं ठेवलं.

"खाली जातोच आहेस," तो म्हणाला, "तर चारही रॉड पुसून ये."